ट्रक परत द्यायचा होता, पण साहेबांना झोप लागली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा तुटतो, आणि धागा तुटला की मी घाबरते. घाबरण्याचं काय हो, मी कशालाही घाबरते. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असतं, समोर उभी असते, तरी ती झाली की किंचाळते. शेजारच्या काकू आमच्या घरातला आवाज ऐकून आपली डाळ शिजली का ते बघतात, असं लोक म्हणतात.

पण हा किस्सा मी किंचाळले त्याचा नाही. किंचाळायला हवं होतं तेव्हा गप्प बसले, त्याचा आहे. गावात तो माझ्यादेखत सांगतात, आणि चुकीचा सांगतात. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगावा. निदान आपली चूक तरी बरोबर सांगितली जाईल!

शहागडच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचं शेत. मोसंबीची बाग, बाकी सोयाबीन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दरसाल दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत झाडाखाली गळालेली मोसंबी वेचली होती. शेवटी वैतागून त्यांनी ठरवलं, आता स्वतःचा ट्रक. आणि तोही कोरा.

"जुनी गाडी म्हंजे दुसऱ्याचं दुखणं इकत घ्यायचं," अण्णा म्हणाले.

म्हणून आम्ही नवं कोरं दुखणं विकत घेतलं.

ट्रक चालवायला शकूरमामू आले. मामू म्हणजे गावातले जुने, पट्टीचे ड्रायव्हर. आमच्या शब्दाखातर त्यांनी पहिल्या मालकाची चांगली चाललेली नोकरी सोडली होती. म्हणजे आमची बाग, मामूंचं घर, सगळं त्या एका गाडीवर. आणि गाडी कशी? तर रिकामी असली की गाय. माल भरला, इंजिन तापलं आणि चढ लागला, की गिअर आपोआप सुटायचा. सुटताना आवाज व्हायचा, धाडकन! टाकीचा स्लॅब कोसळावा तसा. आणि मग इंजिन गप्प. रुसलेल्या जावयासारखी गाडी चढावर बसून राहायची. कितीही मनधरणी करा, उपयोग नाही. बऱ्याच वेळानं मात्र एका चावीत सुरू. जसं काही झालंच नाही!

शोरूमला नेली, तर तिथे रिकामी आणि सपाट रस्त्यावर. गाय.

"नवी गाडी आहे मामा, सेट व्हायला वेळ लागतो," शोरूमचा पोरगा म्हणाला.

"बेटा, ये सेट होईस्तोवर मैं रिटायर हो जाता," शकूरमामू म्हणाले.

गिअरबॉक्स खोलून झाला, बदलून झाला. धाडकन काही थांबलं नाही. तेव्हा अण्णांनी ठरवलं, ज्या कंपनीनं बनवली तिनंच ही परत घ्यावी, आमचे पैसे आम्हाला द्यावेत. आणि कंपनीशी भांडायचं काम आलं माझ्याकडे. का? तर घरात बी.एस्सी. मी एकटी. बी.एस्सी.ला भांडण हा विषय नसतो, हे घरच्यांना कोण सांगणार?

मी फोन करायच्या आधी आरशासमोर उभं राहून तयारी करायची. डोळे मोठे करायचे, आवाज जाड काढायचा. फोन लागला की पलीकडून इतकी गोड मुलगी बोलायची, "मी आपली काय सेवा करू शकते?" की माझं सगळं अवसान गळून जायचं. बिचारी दिवसभर लोकांच्या शिव्या खात असेल, असं वाटायचं. मग मी तिचीच विचारपूस करायची.

"काय म्हणली कंपनी?" अण्णा विचारायचे.

"तक्रार बंद केली म्हणाली."

"बंद केली? कोन्या कारनानं?"

"ग्राहक समाधानी आहे म्हणून."

अण्णा टोपी डोक्यावर ठेवायचे. मग उठून बागेत जायचे.

शेवटी अंबडच्या एका वकिलांनी नोटीस पाठवली, तेव्हा कंपनी हलली. पुण्याहून एक मोठे साहेब स्वतः येणार असा निरोप आला. त्यांची अट मात्र सरळ होती. बिघाड त्यांच्यासमोर झाला पाहिजे. झाला, तर गाडी परत, पैसे परत. नाही झाला, तर विषय तिथेच संपला.

शकूरमामूंनी बेत आखला. "अण्णा, कुछ नक्को करो. सोयाबीन की पोती भरो, साब को बिठाओ, भर धूप में मळ्याच्या चढ पे लेके जाते. बस. गाडी खुद बोलेगी."

इतका साधा, बिनचूक बेत! आणि तो मी बिघडवला.

मी म्हटलं, "माणूस पुण्याहून येणार, आल्या आल्या त्याला ट्रकात कोंबायचं? बरं दिसतं का? आधी जेवायला घालू."

"करते मंग भाकरी आन् पिठलं," माय म्हणाली.

"पिठलं? माय, साहेब आहेत ते! पुरण घाल. माणूस पोटातून खूश झाला की सहीला हात चालतो."

हे वाक्य मी कुठून आणलं, देव जाणे. अण्णांना ते पटलं. बी.एस्सी. झालेल्या पोरीचं कधी नव्हे ते काहीतरी पटलं, म्हणून मलाही भारी वाटलं.

साहेब आले. गोल, गोरे, अगदी मऊ बोलणारे गृहस्थ. हातात फाईल, खिशाला पेन. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मी फक्त चहा घेईन हं."

आता आमच्याकडे या वाक्याला कुणी नकार समजत नाही. ती सुरुवात असते. ताट आलं. गुळवणी, कटाची आमटी, कुरडया, भजी, आणि पुरणपोळीवर तुपाची अशी धार, की खालची पोळी दिसेना.

"बस्स, बस्स, ताई!" दुसऱ्या पोळीला साहेबांनी ताटावर आडवे हात धरले. मायनं पोळी हाताच्या खालून सरकवली.

"सायब, दोन पोळ्या म्हंजे आमच्यात उपास अस्तो."

"अहो, मला गाडी तपासायची आहे!"

"गाडी कुटं पळून चालली? ती तर बंदच पडती की!"

तिसरी पोळी पडली. मग अण्णांनी शपथ घातली, चौथी पडली. मग मी, मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातची एक घ्या ना." माझ्या हातची ती एकच होती, आणि तीच सगळ्यात जाड होती.

साहेब उठले तेव्हा त्यांना उठायला भिंत लागली.

ट्रक निघाला. ऑक्टोबरचं ऊन. स्टिअरिंगवर शकूरमामू, मधे अण्णा, खिडकीशी साहेब, आणि मागे ड्रायव्हर झोपतात त्या फळीवर मी. साहेबांनी मांडीवर फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. खिडकीतून वारा आला. हायवे ओलांडून गाडी मळ्याच्या रस्त्याला लागते न लागते तोच साहेबांची मान एकदा पुढे गेली, एकदा मागे गेली, आणि मग हळूच येऊन अण्णांच्या खांद्यावर टेकली.

अण्णा पुतळ्यासारखे ताठ झाले.

"अण्णा," मामू आरशात बघत कुजबुजले, "साब तो सो गए."

"हळू बोल!"

"उठवू का?" मी विचारलं.

"येडी का काय तू? पुरन जेवलेला पाहुना. झोपल्यावर उठवत अस्तात का?"

आता तुम्ही म्हणाल, अहो, त्यासाठीच तर आणलं होतं ना त्याला! हो. आज मलाही दिसतं ते. पण आमच्या घरात जेवून आडव्या झालेल्या पाहुण्याला उठवणं म्हणजे पाप. माय तर त्या वेळात मिक्सरही लावत नाही, कोंबडी ओरडली तर कोंबडीला रागावते. त्यामुळे अण्णांचं म्हणणं मला तेव्हा अगदी बरोबर वाटलं. मामूंनाही वाटलं. त्यांनी गाडी हळू केली आणि एकेक खड्डा असा चुकवू लागले, की मागे सोयाबीन नसून काचेचं सामान असावं.

चढ आला. इंजिन तापलेलं. पोती गच्च.

धाडकन!

माझं तोंड उघडलं. किंकाळी घशापर्यंत आली. आणि मी साहेबांकडे बघितलं. कसे निवांत झोपले होते! मी ओढणीचा बोळा केला आणि सबंध तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, कान गरम झाले, पण आवाज म्हणून काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा! साहेब फक्त "हं" म्हणाले आणि अण्णांच्या अंगावरून हात टाकून अजून आरामात झोपले.

गाडी बंद. चढावर. आम्ही तिघं जागे. बाहेर ऊन, आत घोरणं.

"आता?" मी बोळ्याआडून विचारलं.

"आता काय? बसायचं."

बसलो. साहेबांच्या नाकावर माशी बसली, ती अण्णांनी टोपीनं वारली. मागून एक ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न दिला. शकूरमामूंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. ट्रॅक्टरवाल्यानं आत डोकावून बघितलं, चूक उमगल्यासारखी जीभ चावली आणि इंजिन बंद करून तोही थांबला. असं आमचं गाव.

ज्या गोष्टीसाठी तो माणूस पुण्याहून आला होता, ती त्याच्या बुडाखाली घडली होती. आणि आम्ही माशी वारत होतो.

बऱ्याच वेळानं गाडी एका चावीत सुरू झाली. पुढच्या चढाला पुन्हा धाडकन. पुन्हा बोळा. पुन्हा माशी. असं करत करत घरी आलो. दारात गाडी थांबली तसे साहेब जागे झाले, तोंड पुसलं आणि काय म्हणाले असतील?

"वा! काय स्मूद आहे हो गाडी!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मामूंकडे. मामूंनी आभाळाकडे.

"साब," मामू जपून म्हणाले, "वो चढ पे जरा आपकी आँख..."

"छे छे!" साहेब ताठ झाले. "झोपलो नव्हतो मी. इंजिनिअर माणूस डोळे मिटूनच ऐकतो. सगळा वेळ इंजिन ऐकत होतो. एकदाही बंद पडलं नाही."

आता पाहुण्याला तोंडावर "तुम्ही घोरत होता" कसं म्हणायचं? आमच्यात ती सोयच नाही. माय तेवढी दारातून म्हणाली, "मंग इतका येळ कुटं लागला?"

"रस्ता लांब असेल ना."

मायनं मान वळवून बघितलं. मळ्याचा चढ आमच्या ओसरीवरून दिसतो.

साहेबांनी पेन उघडलं. झालं. 'दोष आढळला नाही' एवढं लिहिलं की संपलं. ट्रक आमच्या गळ्यात, बागेतला माल झाडाखाली, आणि मामू ना धड जुन्या नोकरीत ना नव्या. अण्णांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. ओढणी अजून ओली होती. मला एकदम कळलं की हे सगळं माझ्या पुरणानं केलंय. बोलायला हवं होतं. स्पष्ट, खणखणीत. बी.एस्सी.ला शोभेल असं!

"साहेब!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. सगळे बघायला लागले की माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं.

"मोसंबी खाता का?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. अजून खायला घालते आहे!

"बागेत," मी पुढे रेटलं, कारण थांबायचं कसं ते सुचेना, "झाडावरची. तोडून. ताजी."

साहेबांचे डोळे चमकले. "पुण्यात कुठे मिळते हो अशी? चला, माझ्या कारनं जाऊ."

शकूरमामूंची ट्यूब पेटली. "ना साब! उधर चिखल है. कार बिलकुल नाही जाती. ट्रकच जाता."

"आणि बाग कुठे आहे?"

"चढ के उप्पर."

लोक अजून म्हणतात, पोरीनं डोकं लढवलं. मी कधी खोडून काढलं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला खरंच फक्त मोसंबी सुचली होती.

निघायच्या आधी मी साहेबांना बिनदुधाचा असा कडक चहा दिला, की त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. पुन्हा तीच बसायची रचना. पुन्हा तोच चढ.

"वैशे," अण्णा मागे न बघता म्हणाले, "यावेळी ओढनी इकडं दे."

दिली.

धाडकन!

आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते एका धाडकनचं नव्हतं. मघापासून गिळलेले सगळे एकदम आले. बांधावरचे बगळे उडाले. साहेबांची फाईल खिडकीबाहेर गेली. त्यांनी दोन्ही हातांनी अण्णांच्या गळ्याला मिठी मारली, आणि त्यांनीही किंकाळी फोडली. माझ्यापेक्षा बारीक आवाजात.

गाडी बंद.

"साब," मामूंनी अदबीनं विचारलं, "आँख बंद करके सुने, या खोल के?"

साहेब तसे सज्जन माणूस. त्यांनी घाम पुसला, खाली उतरले, मामूंना पुन्हा पुन्हा चावी मारायला लावली. गाडी हूं की चूं करेना. खाली वाकून त्यांनी काय बघायचं ते बघितलं, फाईल उचलून झटकली आणि अण्णांसमोर येऊन म्हणाले, "गाडी परत घेऊ आम्ही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

अण्णांनी साहेबांपुढे हात जोडले. मामू चाकाला टेकून खाली बसले. मी रडायच्या बेतात.

साहेबांनी तिथूनच त्यांच्या वरच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळी हकीकत सांगितली. पलीकडचा आवाज म्हणाला, "ठीक आहे. ग्राहक आहेत का शेजारी? त्यांच्याशी एकदा बोलतो, मग मंजूर करून टाकू."

साहेबांनी फोन अण्णांपुढे धरला. अण्णांनी मोठ्या अभिमानानं तो माझ्याकडे वळवला. "आमची पोरगी बोलंल. बी.एस्सी. हाये."

"नमस्कार मॅडम," फोनमधला आवाज इतक्या आपुलकीनं म्हणाला, "कशी आहे गाडी?"

आणि मी म्हणाले,

"छान आहे सर. तसा काही त्रास नाही."

खोटं सांगत नाही, एक बगळा परत आला होता, तोसुद्धा माझ्याकडे बघत होता. माझ्या पाठीमागे गाडी चढावर मरून पडली होती. तिच्या खालून काहीतरी ठिबकत होतं.

"मग परत का करताय?" आवाजानं विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

अण्णांनी फोन हिसकावला. "सायेब! तिच्या बोलन्याकडं ध्यान देऊ नका! ती कुनीबी इचारलं तरी असंच सांगती! तापानं फणफणली व्हती, तवा डाक्टरला बी बरी हाये म्हनली, औषध न घेता घरी आल्ती!"

शेवटी पुण्याहून आलेल्या साहेबांनीच फोन घेतला आणि एका दमात म्हणाले, "सर, मी स्वतः बघितलंय. मंजूर करा. आणि कृपा करून मॅडमना पुन्हा काही विचारू नका."

मंजूर झालं. साहेब मोसंबी घेऊन गेले. माझ्याकडून नाही, मामूंच्या हातून घेतली.

पुढे कंपनीनं एक भला मोठा ट्रेलर पाठवला, आपला ट्रक त्यावर चढवला आणि नेला. पैसेही आले. आता दुसऱ्या कंपनीची गाडी आहे, मामू खूश आहेत, बाग वेळेवर निघते. पण ट्रेलर निघाला त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. आम्ही तिघं ओसरीवरून बघत होतो. वळणावर ट्रेलरच्या ड्रायव्हरनं निरोपाचा हॉर्न दिला. मी किंचाळले, आणि हातातला चहा अण्णांच्या धोतरावर.

अण्णांनी धोतर झटकलं. लांब जाणाऱ्या ट्रेलरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा ट्रेलरकडे.

"मी इचार करून राह्यलो," ते मायला म्हणाले, "गाडीचं तर मिटलं. ही परत द्यायला कुटं जावं?"

माय गहू निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"कुटं जाता? बनवनारी कंपनी आपूनच हाव."